बांध होईपर्यंत सांगू नका

माझ्या गळ्याला समोरून एक भोक आहे. मी त्यातून श्वास घेतो. बोलायचं झालं की त्यावर बोट दाबतो, आणि आत बसवलेल्या लहानशा झडपेतून जो घर्र आवाज निघतो त्याला घरचे 'कॅप्टनचं बोलणं' म्हणतात. पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकतो. दुसऱ्यांदा ऐकणारा मान हलवत राहतो, म्हणजे त्याला काहीही कळलेलं नसतं.

हॉस्पिटलात आम्हाला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, नव्या पेशंटसाठी काहीतरी लिहा, वाचून त्यांना धीर आला पाहिजे. धीर द्यायचं काम मी फौजेत आणि गावात मिळून चाळीस वर्षं केलं. त्यातलं निम्मं खोटं होतं, म्हणून इथे ते करणार नाही.

मला एकच गोष्ट सांगायची आहे. मला घशाचा कॅन्सर आहे हे माझ्या बायकोला, माझ्या भावाला आणि जवळजवळ अख्ख्या गावाला माझ्याआधी सहा आठवडे ठाऊक होतं. मला कोणी सांगितलं नाही. त्या सहा आठवड्यांनी माझा आवाज नेला. निदान दोन वर्षं मी असंच म्हणत आलो.

मी कोण

गाव माझं पेण तालुक्यात, गडबवरून खाडीच्या अंगाला उतरलं की लागतं. बाप मिठागरावर कामाला. मीठ तुडवून त्याच्या पायांना जी भेगांची नक्षी पडली होती ती बघून मी फौजेत पळालो. शिपाई म्हणून गेलो, मानद कॅप्टन होऊन बाहेर पडलो. बर्फातल्या एका पोस्टवर केलेल्या कामाबद्दल छातीवर शौर्यपदक लागलं. गावात परतलो तेव्हा लोकांनी वेशीवरून वाजतगाजत आणलं आणि दुसऱ्याच आठवड्यात बांध कमिटीचा अध्यक्ष करून टाकलं. आमच्याकडे माणसाचा मान केला की लगेच त्याच्या गळ्यात काम बांधतात.

बांधाचं थोडं सांगायला हवं. आमची भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध. तो फुटून जे खिंडार पडतं त्याला खांड म्हणतात. खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथे भात होत नाही. म्हणून खांड बांधायला घरटी एक माणूस जातो. सगळे रांगेत उभे राहतात आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे जातात. ओहोटीला काम सुरू, भरती चढायच्या आत बंद. रांगेच्या डोक्याशी उभं राहून ओरडायचं काम माझं. माझी हाक बांधाच्या या टोकावरून त्या टोकाला जायची.

आणि एक जुना नियम आहे. खांड बांधून होईपर्यंत बांधावर वाईट बातमी न्यायची नाही. रांगेतला एक माणूस रडत घरी धावला की त्याच्यामागे दहा जातात, आणि मग गोळे पुढे सरकत नाहीत. एकदा एक म्हातारी सकाळी वारली. तिच्या मुलाला आम्ही खांड बुजवल्यावर दुपारी सांगितलं. 'आत्ता सांगू नका' असं म्हणणारा मीच होतो. हा नियम मला फौजेसारखा वाटायचा, म्हणून फार आवडायचा.

पेणचा दवाखाना

आवाज बसला होता तो दिवाळीपासून. बांधावर ओरडून बसलाय, असं सगळे म्हणत, मीही म्हणत असे. शिवाय सिक रिपोर्टला जाणाऱ्या जवानांकडे मी आयुष्यभर संशयाने बघितलेलं. काम टाळायला पोट दुखतंय म्हणणारे मी चेहऱ्यावरून ओळखत असे आणि चारचौघांत त्यांची उतरवत असे. असा माणूस स्वतः दवाखान्याची पायरी सहजासहजी चढत नाही.

होळीनंतर चार-पाच दिवसांनी गिळताना कानात कळ जायला लागली. तेव्हा धाकटा भाऊ जनार्दन मला मोटारसायकलवर बसवून पेणला घेऊन गेला. रामवाडीच्या बाजूला कान-नाक-घशाचे डॉक्टर बसतात. त्यांनी नाकातून बारीक नळी घालून आत बघितलं. बघता बघता ते बोलायचे थांबले. मग म्हणाले, "कॅप्टनसाहेब, तुम्ही जरा बाहेर बसा."

आणि मी बाहेर जाऊन बसलो! जनरलच्या डोळ्याला डोळा देऊन बोललेला माणूस मी. माझ्या मुलीच्या वयाचा डॉक्टर माझ्याच घशाबद्दल बोलायला मला खोलीबाहेर काढतो, आणि मी निमूट बाकावर बसतो.

दहा मिनिटांनी जना बाहेर आला. "साधी गाठ हाय, दादा. बांध झाला का मुंबईला दाखवू. आवाज जरा कमी वापर, बोललेत."

परत येताना त्याने बाजारात गाडी थांबवून मला पोह्याचे पापड घेऊन दिले. सबंध आयुष्यात त्याने स्वतःहून मला काही घेऊन दिलेलं नव्हतं. घेऊन दिलं ते पापड, ज्याला गिळता येत नाही त्याला.

डॉक्टरने त्याला आत सांगितलं होतं, कॅन्सरच दिसतोय, याच आठवड्यात मुंबईला न्या. चिठ्ठीही दिली होती. त्या संध्याकाळी जनाच्या घरी बैठक बसली. जना, माझी बायको नर्मदा आणि कमिटीतले चौघे. त्या वर्षी मोठी खांड पडली होती आणि पावसाच्या आत ती बांधली नसती तर अर्ध्या गावाची शेती गेली असती. "दादा बांधावर नसला तर दुसऱ्या दिवशी निम्मा गाव येनार नाय," जना म्हणाला. ते खरं होतं, मी नाकारत नाही. मग कोणीतरी ते वाक्य उच्चारलं. बांध होईपर्यंत सांगू नका. एका दुपारचा नियम ओढून ताणून त्यांनी सहा आठवड्यांचा केला.

जिताडा

ते सहा आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत मानाचे होते. माझ्याशी हद्दीवरून वर्षानुवर्षं भांडणारा शेजारी एकदम 'तुमी बोलाल तसा' म्हणायला लागला. कमिटीच्या बैठकीत कोणी तोंड वर करून बोलेना. घरोघरून जिताडा यायला लागला. आमच्याकडे हा मासा जावयाला, नाहीतर ज्याच्याकडे मोठं काम असेल त्याला देतात. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, गावाला माझी कदर आली.

नर्मदा त्यातले काटे काढून, कुस्करून, पातळ कालवणात घालून द्यायची. तिचे डोळे सुजलेले असायचे. विचारलं की म्हणायची, चुलीचा धूर लागला. गॅस येऊन आमच्याकडे पंधरा वर्षं झाली होती.

भांगेच्या दिवसांत, म्हणजे भरतीचा जोर कमी असतो तेव्हा, काम जोरात चालायचं. मी कुजबुजल्यासारखा ओरडायचो, रांगेतला पहिला माणूस तेच मोठ्याने पुढे ओरडायचा. शेवटी शिट्टी घेतली. आखातीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी खांड बुजली. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. खाली बघितलं तर जना रडत होता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काय मूर्ख दिसलो असेन!

वरसे

आखातीला नर्मदा, जना आणि मी मुलीकडे गेलो. वैशाली रोह्याला, वरसे गावात राहते. जावई कंपनीत, त्याची दुसरी शिफ्ट होती, म्हणून जेवणं लवकर झाली. मी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसलो होतो. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि मग वैशालीचा.

"सहा आठवडे? आई, सहा आठवडे तू त्यांना जेवाया वाढलंस आणि सांगितलं नाय?"

"हळू बोल गो, आयकतील."

"आयकू दे."

ती पदराला हात पुसत बाहेर आली, माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्हाला घशाचा कॅन्सर हाय. पेणच्या डॉक्टरांनी होळीनंतरच सांगितलंय. मला आत्ता कळलं, म्हणून आत्ता सांगते."

लोक विचारतात, त्या क्षणी काय वाटलं? मरणाची भीती वगैरे नंतर आली. मी पहिलं विचारलं ते असं: "कोनाकोनाला ठावं हाय?"

"सगळ्यांना."

जना समोरच्या खुर्चीवर आमरसाची वाटी घेऊन बसला होता. "दादा, बांध..." एवढंच म्हणाला. मी त्याच्या हातातली वाटी उडवली. वैशालीच्या नव्या पडद्यावर पडलेला तो डाग अजून गेलेला नाही.

ज्यांच्या घरी असा आजार आला आहे त्यांना मी हे सांगेन: माझ्या मुलीसारखं सांगा. समोर बसा, नाव घेऊन सांगा, आणि कधी कळलं तेही सांगा. त्या सगळ्या वर्षात मला माणसासारखं वागवणारं तेवढंच एक वाक्य माझ्या वाट्याला आलं.

हॉस्पिटल

मुंबईच्या हॉस्पिटलातल्या सर्जनने सगळे फोटो बघून सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. मी विचारलं, "सहा आठवड्यांपूर्वी आलो असतो तर?"

तो खरा माणूस होता. म्हणाला, "सांगता येत नाही. कदाचित नुसत्या शेकावर, म्हणजे रेडिएशनवर, भागलं असतं. कदाचित हेच करावं लागलं असतं."

त्यातलं पहिलं कदाचित मी उचललं आणि दुसरं तिथेच टाकून आलो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्स म्हणाली, घरच्यांशी काय बोलायचं ते आज बोलून घ्या. शहाणा माणूस काय करेल? नातवंडांसाठी दोन शब्द फोनमध्ये भरून ठेवेल, बायकोला दोन चांगल्या गोष्टी सांगेल. मी जनाला फोन लावला आणि आवाज पूर्ण फाटेपर्यंत शिव्या दिल्या. नर्मदा पलंगाशी स्टुलावर बसून होती. फोन ठेवल्यावर ती जरा पुढे सरकली. मी तिला म्हणालो, "तू बाहेर बस."

देवाने दिलेल्या आवाजातलं माझं शेवटचं वाक्य ते.

नंतरचे दिवस सगळ्यांचे सारखेच असतात. सकाळी पाचला ताप बघतात. मग गळ्यातला चिकटा ओढणारं मशीन येतं, तेव्हा जीव जातो असं वाटतं, पण जात नाही, हे नव्या पेशंटने लिहून ठेवावं. मग नाकातल्या नळीतून पेज. तोंडाला चव नाही, नाकाला वास नाही. बोलायला पाटी. ठसका आला की आवाज होत नाही, फक्त भोकातून चिकटा उडतो आणि समोरच्याच्या शर्टावर पडतो. वॉर्डात झाडू मारणारी एक बाई होती. तिने पहिल्या दिवशी न विचारता बेसिनवरच्या आरशावर टॉवेल टाकला. आठव्या दिवशी मी खुणेने सांगितलं, काढ. तिने काढला आणि मी बघत होतो तेवढा वेळ बादली घेऊन शेजारी उभी राहिली. अशी एवढ्याएवढ्याशी माया मिळते. तिच्यावर दिवस निघतो.

पडल्या पडल्या मला एक जवान आठवायला लागला. ज्या पोस्टसाठी मला पदक मिळालं, तिथे तो मशिनगनवर होता. वायरलेसवर निरोप आला, त्याची आई वारली. खाली जायची वाट बंद होती आणि दुसरा तितका चांगला गनर माझ्याकडे नव्हता. मी तो निरोप खिशात ठेवला, अकरा दिवस. रोज त्याच्याबरोबर जेवलो, थट्टामस्करी केली. बाराव्या दिवशी सांगितलं. त्याने सलाम ठोकला आणि म्हणाला, "ठीक किया, साब." तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं. पण त्यानंतर तो माझ्याशी कामाव्यतिरिक्त एक शब्द बोलला नाही, हे मला हॉस्पिटलात पडल्यावर ध्यानात आलं.

दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, असं मी स्वतःला समजावलं. तिथे शत्रू होता. इथे कोण होतं? आणि त्याला सांगून आई परत येणार नव्हती, मला सांगितलं असतं तर आवाज वाचला असता. हे समजावून झालं की थोड्या वेळाने परत समजवावं लागायचं.

सत्कार

घरी आलो तर गडबच्या नाक्यावर बॅनर. 'मृत्यूला हरवून आलेल्या शूरवीराचे स्वागत.' माझा वर्दीतला फोटो नखाएवढा आणि खाली शुभेच्छुकांची तोंडं कलिंगडाएवढी. जनाचंही होतं.

आठवड्याने देवळासमोर सत्कार ठेवला. मला नको होता, पण नको म्हणायला आवाज कुठे होता? पाटीवर 'नको' लिहिलं तर हसून म्हणाले, कॅप्टनचा विनय. पाहुण्यांनी नारळ दिला आणि जाडजूड शाल माझ्या खांद्यांवरून ओढून पुढे गळ्याशी घट्ट बांधली. बरोबर भोकावर. माझा श्वास बंद. लोक टाळ्या वाजवतायत. मी हात हलवतोय, त्यांना वाटतंय अभिवादन करतोय. फोटोवाला म्हणतोय, सर, इकडे बघा.

बायकांतून नर्मदा उठली, पाहुण्याला ढकलून स्टेजवर चढली आणि तिने शाल ओढून खाली फेकली. सगळ्यांना वाटलं, बाई वेडी झाली. मी खुर्चीत बसून नुसता श्वास घेत होतो. (नव्या पेशंटच्या घरच्यांनी लक्षात ठेवा: शाल नको, हार नको, गळ्याशी काहीही नको.)

त्या दिवशी तिने माझा जीव वाचवला. घरी येऊन मी पाटीवर काय लिहिलं असेल? 'सहा आठवडे.'

हे मी दोन वर्षं केलं. ती म्हणाली, जेवून घ्या, की मी लिहायचो, सहा आठवडे. ती म्हणाली, वैशाली यायची हाय, की सहा आठवडे. पहिल्या पावसाळ्यात ती एकदाच उलटून बोलली. "मना भ्या वाटला. ज्या दिसाला तोंडातून काढंन त्या दिसाला तो आजार खरा होल, असा वाटायचा. मना बांधाचा काय नव्हता पडला." मी ते शब्दही पाटीवर लिहिलेल्या त्याच दोन शब्दांनी पुसले.

आणि कामं सगळी तीच करत होती. झडप साफ करायची, भोकाभोवतीची कातडी पुसायची, रुमाल उकळायचे, रात्री खोकला आला की पाठीला हात लावून बसायचं. बसवलेली झडप वापरून मी बोलायला लागलो तेव्हा माझी घरघर सर्वांत आधी तिला कळायला लागली. बाहेर कुठे गेलो की मी बोलायचं आणि तिने लोकांना समजावून सांगायचं. जिने आवाज घालवला तिच्याच तोंडाने बोलावं लागतं, असं मी लोकांसमोर म्हणत असे. तेही तीच लोकांना समजावून सांगत असे. कडू शब्द तेवढे गाळायची.

गोमा नाना

आता जे लिहितो ते मागच्या शिमग्याच्या सुमाराचं. गोमा नाना सध्या मुंबईला शेक घेतो आहे आणि त्याने लिहायला हरकत घेतलेली नाही.

नाना जन्मभर मिठागरावर राबलेला. खांड बांधताना प्रत्यक्ष पाण्यात, खिंडारात उभा राहणारा माणूस नेहमी तोच. गावात मला अरे-तुरे करणारा एवढाच एक उरला आहे. त्याचे दोन मुलगे सकाळी माझ्याकडे आले. नानाच्या गालात गाठ झाली होती आणि पेणच्या डॉक्टरने मुलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. नातीचं लग्न बारा दिवसांवर आलेलं.

"कॅप्टन, बाबा रोज इचारतंय, काय हाय म्हनून," थोरला म्हणाला. "आमचा त्याला खरा वाटत नाय. तुमी येऊन सांगा, साधी गाठ हाय. तुमचा खरा वाटंल. हळद, लगीन होऊन जाऊ दे, मंग बघू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळं गाव सोडून खोटं बोलायला यांनी मला निवडलं! मी शर्ट घातला, गळ्यावर पातळ रुमाल सैल बांधला आणि निघालो. मुलांना वाटलं, काम झालं. नर्मदा मागून आली. "नानाला कानानी कमी आयकाया येतंय. तुमचा बोलना कळनार नाय. मी येतंय."

नाना ओटीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. मुलांना मी हातानेच दूर थांबवलं. त्याच्यासमोर बसलो, बोट दाबलं आणि वैशालीसारखं सांगितलं. "नाना, कॅन्सर आहे. पोरं लपवतायत. लग्नासाठी थांबू नका, उद्याच निघा."

नर्मदाने खांबाला धरून ते शब्दाला शब्द सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही.

नानाने जाळ्यातून मान वर केली नाही. "ठावं हाय मना."

"कधीपासून?"

"माझा तोंड हाय, माझी जीभ हाय. रोज लागतंय ना ती गाठीला. माझ्या मेव्हन्याला झालेला, तसाच हाय."

"मग पोरांना रोज का विचारता, काय आहे म्हणून?"

"नाय इचारला तर त्यांना कळंल ना, मना कळलाय त्ये." त्याने दोरा दाताने तोडायला घेतला, गालात कळ गेली असावी, मग कोयत्याने तोडला. "लगनापतूर त्यांना वाटू दे. पोरीची हळद हाय, घरात रडारड कशाला? बारा दिस हायत. मंग जाईन मी. मधीच कशाला आलास तू, कॅप्टन?"

मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. टोचून बोलावं असं त्याच्या मनात नव्हतं, त्याने आपलं सहज विचारलं. "तुला नव्हता ठावं? तवा, बांधाव?"

नव्हतं म्हणणं सोपं होतं. दोन वर्षं मी तेच म्हणत होतो. पण हा माणूस खांडीत माझ्या पायाशी उभा असायचा. तो काय काय बघत असेल, कोणाला माहीत?

"होतं," मी म्हणालो.

ते सांगायला नर्मदाची गरज पडली नाही. नानाला कळलं. मग मी पुढचंही बोललो, कारण एकदा बोट दाबल्यावर थांबता आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात खांडीजवळ मला ठसका लागला आणि चिखलावर रक्त पडलं, चांगलं मूठभर. कोणी बघितलं नाही. मी ते पायाने चिखलात दाबलं आणि पुढचा गोळा उचलला. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पडलं, तेही दाबलं. सुजलेले डोळे, जिताडा, पापड, सगळं मला कळत होतं. मी कोणाला एक प्रश्न विचारला नाही. विचारलं असतं तर मुंबईला जावं लागलं असतं, आणि खांड जनाच्या हातून बुजली असती. ती मला माझ्या नावाने बुजवायची होती. लोकांनी खांद्यावर घ्यायला हवं होतं.

एवढं सगळं बोलायला मला बराच वेळ लागला. मधे दोनदा श्वासासाठी थांबावं लागलं. नाना जाळं मांडीवर ठेवून ऐकत होता.

नर्मदा खांबाजवळून पुढे आली. ती ओरडली नाही. रोज जेवायला बोलावते त्याच आवाजात म्हणाली, "मंग दोन वर्सा मना कशाला जाळलाव?"

माझं बोट गळ्यावरच होतं. आवाज निघाला असता. मी बोट काढून घेतलं.